मुक्या डब्याची पूजा

गोटीराम सपकाळला मी येडा म्हणतो, आणि मरेपर्यंत म्हणणार. कुणाला राग आला तर येऊ दे. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, तोंड मिटून बसायचं होतं आणि तेवढंही जमलं नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं? साधू? छट्! साधू डोंगरावर बसतात. हा गडी तुर्भ्यात राहत होता आणि त्याला बायको होती.

मी धर्मा तांडेल, करावे गावचा. बाप-आजा खाडीच्या पाण्यावर जगले, मी अमोनियाच्या वासावर. एपीएमसी मार्केटच्या मागच्या अंगाला एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथे मी कंप्रेसर चालवायचो. सत्त्याण्णव सालची गोष्ट सांगतोय. फळबाजार नुकताच इकडे आला होता आणि आमच्या चेंबरांत मिरची-खजुराच्या जोडीला हिमाचलची सफरचंदं येऊन बसली होती. शेठची चंगळ, आमची मरमर.

गोटीराम माझ्याही आधीपासून तिथे. मूळचा साताऱ्याकडचा, जावळी खोऱ्यातला. मिसरूड फुटायच्या आत मशीद बंदरला हमालीला आला. बाजार इकडे हलला तसा हाही हलला. मग एक दिवस पाठीवरची गोणी सरकली आणि कंबरेतून असा काही गेला की पुन्हा ओझं उचलणं संपलं. शेठचे वडील तेव्हा होते. भला माणूस. त्यांनी त्याला थंडीची फेरी दिली.

फेरी म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे चेंबरं बरीच, एकेकाचं दार वीतभर जाड. गोटीरामने एकेका दारातून आत शिरायचं, कोपऱ्याकोपऱ्यात टांगलेली थर्मामीटरं वाचायची, बाहेर येऊन दाराशेजारच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा. सगळं झालं की खाली माझ्याकडे. "धर्मा, तीन नंबर जरा चढलाय बग." की मी व्हॉल्व्हला हात घालायचो. दिवसभर हेच. बाहेर वाशीचा घाम, आत हिमालय. अंगात दोन स्वेटर, वर शेठच्या वडलांचा जुना कोट, डोक्याला कानटोपी. मे महिन्यात हा त्या अवतारात चहाला गेटबाहेर निघाला की बाजारातले हमाल ओरडायचे, "आला रे आला, काश्मीर आला!" हा आपला कोटाच्या खिशात हात घालून लग्नातल्या व्याह्यासारखा ऐटीत चालायचा.

त्या फेरीबरोबर त्याला एक खोली मिळाली होती. कंपाउंडच्या आत, माझ्या मशीनरूमच्या भिंतीला लागून. जोवर फेरी तोवर खोली, असं ठरलेलं. खोली कसली, खोकं! पण तुम्ही हमालांचे गाळे बघितलेत का कधी? एका गाळ्यात वीस-वीस जण, झोपायचं पाळीने, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडली. तिथे बायको कुठे आणणार? जावळीतली निम्मी लग्नं अशीच. नवरा इकडे, बायको तिकडे, भेट शिमग्याला नाहीतर गावच्या यात्रेला. गोटीरामचंही तसंच गेलं, केस पिकेपर्यंत. कंबर मोडली म्हणून फेरी मिळाली, फेरी मिळाली म्हणून खोली, आणि खोली मिळाली म्हणून वेणूबाई मुंबईला आली. तोवर तिने तिकडे एकटीने दोन मुली वाढवून त्यांची लग्नंही लावून दिली होती. मला म्हणायच्या, "भावजी, माजा संसार म्हातारपणी सुरू झाला बगा." हसत म्हणायच्या, पण खरंच होतं ते. खालच्या शेडमध्ये मिरची निवडायला जायच्या, दुपारी नवऱ्याला गरम भाकरी करून घालायच्या, आणि संध्याकाळी दोघं दाराशी बसून भांडायची. भाजीत मीठ जास्त का कमी, एवढ्यावर तासभर! मला ते ऐकायला इतकं आवडायचं की ड्युटी संपली तरी मी तिथेच रेंगाळायचो.

तर त्या साली पावसाळा सरता सरता शेठ एक बाई घेऊन आला. बाई कसली, पोरगीच. उत्कर्षा नाव, रबाळ्याच्या एका कंपनीत इंजिनीअर. तिच्याबरोबर यंत्र आलं, डेटालॉगर. शेठने आम्हाला जमवून सांगितलं की सफरचंदाच्या मोठ्या गिऱ्हाइकाला तापमानाचा छापील कागद पाहिजे, खडूचा फळा चालत नाही. हे यंत्र आपोआप आकडे घेणार, ऑफिसातल्या प्रिंटरमधून कागद निघणार. दिवाळीपर्यंत नीट चाललं तर विकत घेणार. आणि मग गोटीरामकडे न बघता म्हणाला, "मग त्या फेरीची काय गरज राहणार नाय."

वेणूबाई शेडच्या दारात उभ्या होत्या, हात मिरचीने लाल. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा खोलीकडे.

मी त्या पोरीचा पहिल्या दिवसापासून रागराग केला. गोटीरामने तिला चहा नेऊन दिला. आता बोला!

भानगड अशी होती, की त्या लॉगरला तोंडं मोजकीच आणि आमच्याकडे मापायच्या जागा ढीगभर. प्रत्येक चेंबरात वर, खाली, दाराशी, मागे, एकेक सेन्सर. एवढ्या वायरी लॉगरला लावणार कुठे? म्हणून मधे एक डबा. त्याचं नाव मल्टिप्लेक्सर. मी म्हटलं, "माणसाला कळेल असं सांग." ती हसली. म्हणाली, "काका, रेशनच्या दुकानात काटा एक आणि माणसं पन्नास. एकेकाला पुढे घ्यायचं, त्याचं झालं की बाजूला करून दुसऱ्याला. तसा हा डबा एकेका सेन्सरला लॉगरपुढे उभा करतो."

गोटीराम कानटोपी वर करून ऐकत होता. म्हणाला, "मंजी एकेका दाराला जायाचं, इचारायचं, आन् येऊन सांगायचं. ताई, ही तर माजीच फेरी की!"

पोरगी वायरीची गुंडाळी उलगडायला लागली. गोटीरामचं बरोबर होतं. लॉगर गेला खड्ड्यात, गोटीरामच्या जागेवर खरा येत होता तो डबाच. दुसरा कुणी असता तर वायरी कापून मोकळा झाला असता. हा डब्याकडे बघत उभा, नवा गडी कामावर लागल्यासारखा.

डबे तिने दोन आणले होते, दोन जातींचे. आमच्या इथल्या ओलीत कुठला टिकतो ते तिला ठरवायचं होतं. म्हणून प्रत्येक जागी जोडीने सेन्सर लावले, एक ह्या डब्याला, एक त्या. डबे वरच्या पॅसेजमध्ये भिंतीवर शेजारी शेजारी ठोकले. पहिल्यात बारीक बारीक रिले, म्हणजे विजेने उघडमिट होणारी बटणं. एकेक सेन्सर जोडताना आत पाती हलायची आणि टिक् वाजायचं. चक्कर सुरू झाली की पॅसेजभर टिक् टिक् टिक्. दुसऱ्यात हलणारं काहीच नाही, सगळा कारभार चिपच्या पोटात. चालू आहे की बंद, कान लावला तरी कळायचं नाही. गोटीरामने लगेच बारसं केलं : टिकटिक्या आणि मुका.

उत्कर्षाने सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं ते असं. टिकटिक्याचं जोडणं पक्कं आणि तोडणंही पक्कं. तोडलं की मधे नुसती हवा, काही झिरपायचं नाव नाही. पण हलणारी वस्तू झिजते, दमट हवेत अडकते, वीजही जास्त खाते. मुका चपळ, झिजत नाही, वीज नावापुरती; पण त्याचं बंद दार पुरतं बंद नसतं, किंचित झिरपतंच. "आणि धर्माकाका, तुमचा कंप्रेसर सुरू होताना लाइनमध्ये जो झटका येतो ना, त्याने मुका मरू शकतो." घ्या! म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात, खापर माझ्याच कंप्रेसरवर.

वायरी ओढायला गोटीराम तिच्याबरोबर. कुठल्या भिंतीला भोक आहे, कुठल्या कॉइलखाली पाणी ठिबकतं, सगळं तो दाखवणार. ती आत कुडकुडायला लागली की स्वतःचा कोट काढून देणार. मी एकदा चिडून गोटीरामला विचारलं, "तात्या, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोस, वर तो उचलायला हात पन लावतोस?"

"आरं, पोरगी आत एकली काकडती," तो म्हणाला. "तिच्या मालकानं धाडलं म्हनून आली ती. तिचा काय गुन्हा?"

आणि असं समजू नका हं, की गोटीराम मोठा तापमानाचा जाणकार होता आणि यंत्र त्याच्यापुढे फिकं पडलं. मुळीच नाही. तो छाती फुगवून सांगायचा की कानाच्या पाळीला झोंबलं की मला डिग्री कळते. एकदा तीन नंबरचा त्याचा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळेना. उत्कर्षाने थर्मासमध्ये बर्फाचं पाणी केलं, त्यात सेन्सर आणि थर्मामीटर दोन्ही बुडवली. यंत्राने सांगितलं शून्य. गोटीरामच्या थर्मामीटरचा पारा मधेच तुटलेला निघाला, केव्हापासून देव जाणे. दिवसभर तो फुगून बसला. संध्याकाळी स्वतःच वेणूबाईंना सांगत होता, "माजा कान बी तुटका निगाला गं!" आणि दोघं पोट धरून हसत होती.

नवरात्राच्या आधी टिकटिक्याचं घोडं अडलं. दमट हवेत एक रिले चिकटला आणि सफरचंदाचा आकडा मिरचीच्या नावावर छापून यायला लागला. शेठने आरडाओरडा केला. उत्कर्षाने नीट विचार करून मुक्याच्या बाजूने कौल दिला. कंपनीला लेखी कळवलं, की इथे हाच बसवा. टिकटिक्याचा रिले तिने बदलला, पण तो आता नुसता ताळा बघायला ठेवलेला. मुका सुतासारखा चालत होता. वेणूबाईंनी तेव्हापासून बोलणंच कमी केलं. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, गावाकडं माजं चुलान दिरानं मोडून टाकलंय. जाऊन बसू कुटं?"

मग आला दसरा.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजतात. माझ्या कंप्रेसरला झेंडूच्या माळा, हळदी-कुंकू, समोर नारळ. वरच्या मजल्याची पूजा दरवर्षी गोटीरामकडे. थर्मामीटरं, किल्ल्या, दारांच्या कड्या, सगळ्यांना तो गंध-फूल द्यायचा. मी खाली माझ्या माळा बांधत होतो. वर त्याने काय केलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि मुक्याला काय झालं कोण जाणे. आकडे चढायला लागले. चेंबर थंडगार, हात लावला तर बधिर होतोय, आणि कागदावर सहा डिग्री, सात डिग्री. दुपारी उतरायचे, पहाटे परत चढायचे. टिकटिक्या म्हणे शून्य. उत्कर्षा धावत आली. दोन्ही डब्यांच्या झाकणावर कुंकवाचं बोट होतं, पण ते तर आमच्या तिजोरीवरही होतं आणि शेठच्या गाडीवरही. तिने आतली कार्डं बदलली, वायरी तपासल्या. फरक नाही. शेवटी ती स्वतःशीच म्हणाली, "ह्या जातीचे डबे झिरपतात हे माहीत होतं. इथल्या ओलीत जास्त झिरपत असणार. माझंच चुकलं."

शेठ काय ऐकतो! म्हणाला, "एक डबा अडकतो, दुसरा खोटं बोलतो. दोन डबे, दोन आकडे, मी खरं कुणाचं मानू? माझा गोटीराम बरा, तो निदान एकच आकडा सांगतो. शनिवारी उचला तुमचं दुकान."

मी मशीनरूममध्ये जाऊन एकटाच नाचलो. खोटं कशाला सांगू? वेणूबाईंनी शिरा केला, शेडमधल्या सगळ्या बायकांना वाटला, मला वाटी भरून आणून दिली. त्या दिवशी त्यांनी खोलीची भिंत चुन्याने रंगवायला काढली.

आणि ती पोरगी? पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिचा साहेब फोनवर म्हणाला होता म्हणे, की बाईमाणसाला साइटवर पाठवायलाच नको होतं, आता ऑफिसात बसून फायली लाव. हे गोटीरामने ऐकलं.

शुक्रवारी तिने मुका शेवटचा उघडला. गोटीराम बॅटरी धरून शेजारी उभा. मनाशी बोलल्यासारखं त्याला दाखवत होती, "बघा काका, ह्या वायरी आवळायच्या स्क्रूंच्या पट्टीवर नुसती फुंकर मारते हं." फुंकर मारली आणि मीटरवरचा आकडा टुणकन वर गेला. "तोंडाची वाफ बसली तरी हे असं. फारच नाजूक निघाला."

गोटीरामने विचारलं, "आन् पानी पडलं तर?"

"पाणी पडलं तर बोंबच! पण इथे पाणी कुठून येणार?"

तो तसाच खाली माझ्याकडे आला. चेहरा पांढरा. सफरचंदाच्या उलट्या पेटीवर बसला आणि म्हणाला, "धर्मा, मी घात केला."

मग सगळं सांगितलं. खंडेनवमीला टिकटिक्याचं झाकण स्क्रूने बंद होतं, म्हणून त्याची पूजा वरूनच झाली. मुक्याचं झाकण मात्र उत्कर्षाने काढून ठेवलं होतं, सुट्टीनंतर स्क्रू आवळायचे म्हणून, वर नुसतं प्लास्टिक. गोटीरामला वाटलं, टिकटिक्या निदान बोलतो तरी, ह्या मुक्या बिचाऱ्याकडे कोण बघतंय. त्याने बाजूच्या झाकणाला बोट लावलंच, पण प्लास्टिक उचलून आतल्या एकेका स्क्रूलाही हळद लावली, कुंकू लावलं, आणि वर पळीभर नारळाचं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी, ताईला घाण दिसायला नको म्हणून, ओल्या फडक्याने सगळं लख्ख पुसून काढलं. म्हणजे वरचं दिसेनासं झालं आणि उरलेलं पट्टीच्या खाली जाऊन बसलं.

मग मला असं हसू आलं म्हणता! "तात्या, अरे दसरा पावला तुला! देवानंच केलाय हा. आता मुकाट बस. उद्या ती बाई डबे काढून नेल, संपला विषय."

"पोरीचं नाव खराब हुतंय."

"तिचं नाव होईल परत. शिकलेली हाय, तरणी हाय. तुझी खोली गेली तर वहिनीला कुठं ठेवशील? गाळ्यात?"

तो पेटीवरून उठायला लागला.

"कान उघडून ऐक," मी म्हटलं. "तोंड उघडलास तर याद राख. मी तुझ्याशी बोलनार नाय जन्मात."

हे मी म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. मला त्यात काही चूक वाटत नाही. साताऱ्यातल्या बायकांनी जन्मभर एकटं राहायचं आणि शेठने सफरचंदं विकायची, हा कुठला न्याय?

शनिवारी सकाळी उत्कर्षा पॅसेजमध्ये स्क्रू काढत होती. शेठ देखरेखीला उभा, मी जिन्यात. गोटीराम आला. कोट नाही, कानटोपी नाही, नुसत्या सदऱ्यात. मागे वेणूबाई, पदर तोंडात धरलेला. मला वाटलं, त्याला अडवायला आल्या असणार आणि बाप्याने ऐकलं नसणार.

"शेठ," तो म्हणाला, "डब्याचा दोष न्हाई. ताईचा बी न्हाई. नारळाचं पानी मी घातलं आत."

शेठला आधी कळेचना. मग तो हसला, मग चिडला, मग परत हसला. उत्कर्षा मात्र खाली बसली आणि तिने ती पट्टी उलटी केली. खाली पिवळालाल चिकटा, आणि त्यात मेलेल्या मुंग्या. तिने स्पिरिटने पट्टी घासली, सुकवली, परत लावली. लॉगरने चक्कर मारली. टिकटिक्या म्हणाला शून्य. मुका म्हणाला शून्य. सगळ्या चेंबरांचे आकडे जोडीने जुळत गेले आणि प्रिंटरमधून कागद खाली लोंबायला लागला.

उत्कर्षाने उठून गोटीरामचे पाय धरले. तो म्हणाला, "आगं आगं, माज्या पाया पडून काय, त्या डब्याला झाकन लाव आदी."

शेठने शब्द पाळला. म्हणजे यंत्राचा. दिवाळीनंतर फेरी बंद. पोरीने त्याला विनवलं, की काकांना ठेवा, कुणीतरी यंत्रावर लक्ष ठेवायला लागेल. शेठ म्हणाला, "लक्ष ठेवायचंच असेल तर यंत्र कशाला घेऊ?" शेठ वाईट होता असं नाही. देवदिवाळीपर्यंत खोली दिली, गोटीरामला स्वेटर दिलं. काय करायचंय स्वेटर, तुर्भ्याच्या उन्हात? मी शेठच्या तोंडावर बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोटीरामला बाजारात ताडपत्र्या राखायचं काम मिळालं. कुणा भाच्याच्या ओळखीने गाळ्यात वळकटीपुरती जागा. वेणूबाई गावाला जाणार, दिराच्या पडवीत. ज्या दिवशी खोली रिकामी केली, त्या दिवशी साताऱ्याहून भाजी घेऊन आलेला एक टेम्पो रिकामा परत चालला होता, त्यात त्यांचं सामान टाकायचं ठरलं. सामान ते काय? दोन ट्रंका, पाटा-वरवंटा, स्टोव्ह आणि गोधड्या. गोटीराम ड्रायव्हरसाठी चहा आणायला गेला. मी आणि वहिनी टेम्पोपाशी.

माझ्याच्याने राहवेना. "वहिनी," मी म्हटलं, "रागावू नका, पन तुमी त्याला एकदा नीट दटावला असता तर ही वेळ आली नसती. दुसऱ्या कुनाचं नाय, पन तुमचं तो ऐकतो."

"ऐकतो की," वहिनी म्हणाल्या. "म्हनून तर गेला."

"म्हनजे?" मी विचारलं.

"ते गपच बसनार हुते, भावजी. माज्यापायी. शुक्रवारी मला समदं सांगितलं आन् म्हनले, येणू, मी काय बोलत न्हाई, तू गावाला जायाची न्हाईस. आन् ताटावर बसले. भाकरी मोडली, हातात धरली, तशीच ठिवली. रातीलाबी तसंच. सकाळी च्या घितला न्हाई." त्यांनी गोधडीची गाठ उगाचच पुन्हा आवळली. "इतकी वरसं एकलीनं जेवलेय मी, भावजी. माज्या समूर बसून माणूस जेवतंय, हेच बगाया तर मी आले हुते हितं. त्ये उपाशी बसनार आसंल तर खोली घिऊन करू काय? मीच दार उगाडलं आन् म्हनलं, जावा, सांगून या."

"आन् मग?"

"सांगून आले आन् तीन भाकरी खाल्ल्या," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला.

गोटीराम समोरून चहाची किटली सांभाळत येताना दिसला. वहिनींनी घाईघाईने पदराने तोंड पुसलं. "त्यास्नी सांगू नगा मी रडले म्हनून." मी मान हलवली. मी टेम्पोची मागची फळी वर उचलली आणि कडी लावली.